फक्त वाचण्यासाठी

विषय : कै. तोमिए काजितानी यांच्या अस्थी अन्यत्र नेण्याची परवानगी मिळण्याबाबत.
संदर्भ : कन्या कानाए यांचा अर्ज, दिनांक १९ ऑगस्ट.

मुकाईकाकांनी गोष्ट अशी सुरू केली. नागोयाच्या एका वॉर्ड ऑफिसात अस्थी आणि दफनाच्या परवान्यांच्या खिडकीमागे उभा जन्म काढलेला माणूस. यंदा मार्चमध्ये निवृत्त झाले, पण विषय आणि संदर्भ सांगितल्याशिवाय त्यांच्याच्याने पाणीसुद्धा मागवत नसे.

"काका, बायकोला प्रेमपत्रही असंच लिहायचात?" तात्सुकीने विचारलं. तो कुठल्याशा कंपनीत कॉम्प्युटर सांभाळायचा आणि दिवसभर कॉम्प्युटरशी बोलून झालं की रात्री माणसांना छळायचा.

"एकदाच लिहिलं. तिने 'पाहिले' असा शेरा मारून परत केलं."

हारुनाने हसत लाल मिसोत, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या रश्शात, शिजलेला मुळा त्यांच्या बशीत वाढला. दुकान तिचं. गिऱ्हाईक म्हणून हे दोघेच उरले होते. बाहेर ऑगस्टची रात्र होती, वारा पडलेला. दुसऱ्या दिवसापासून ओबोन, म्हणजे पितर घरी यायचे दिवस. गल्लीत दोन-तीन दारांवर पांढरे कंदील लागले होते. ज्या घरचं माणूस वर्षभरात गेलेलं असतं, त्या घराने असा कंदील लावायचा. नव्या माणसाला वाट माहीत नसते.

"भूत केव्हा येणार?" तात्सुकीने विचारलं.

"आधी अर्ज येतो, मग भूत. आमच्याकडे सगळं क्रमाने."

हा काजितानी, म्हणजे विषयातल्या तोमिएबाईंचा मुलगा, काकांच्या ओळखीचा. ओळखीचा म्हणजे खिडकीपलीकडचा, पण माणूस जितका खिडकीतून कळतो तितका घरात शिरून कळत नाही, असं काकांचं मत होतं. वय सेहेचाळीस, लग्न नाही. एका मंदिराच्या सहा मजली इमारतीतलं यंत्र सांभाळायचा. या इमारतीत अस्थींचे डबे पोलादी फळ्यांवर रचून ठेवलेले असतात. घरच्यांनी यायचं, खोलीत उभं राहायचं, कार्ड लावायचं. भिंतीमागे साखळी फिरते, डबा येतो, दगडी दार सरकतं आणि आपलं माणूस नावाच्या पाटीसह समोर. पाटी सोडली तर सगळे डबे सारखे. दर्शन झालं की यंत्र डबा परत नेतं, जवळच्या रिकाम्या कप्प्यात ठेवतं आणि कप्पा कोणता ते आपल्या कॉम्प्युटरमध्ये लिहून घेतं.

"लिहून घेतं, हे लक्षात ठेवा," काका म्हणाले. "सगळं त्यावर आहे."

काजितानीची आई तोमिए दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत गेली. बहीण कानाए डोंगरात, गुजोला दिलेली. माहेरचं थडगंही तिथलंच. तिचं म्हणणं, आईला गुजोला न्यायचं. काजितानीने हट्टाने आईला आपल्या यंत्रात ठेवलं.

"तिथे चढण चढून कोण जाणार? इथे एसी आहे. कार्ड लावलं की दोन मिनिटांत आई हजर."

"जिवंतपणी तुझ्या हाकेला इतक्या लवकर कधी आली नाही ती," कानाए म्हणाली. "ठीक आहे, दादा. पहिल्या ओबोनला तेराच्या सकाळी नऊला मी पोराबाळांना घेऊन येते. आई समोर आली तर तुझं खरं. नाही आली, तर मी तिला घेऊन जाणार. मग तू बस तुझ्या डब्यांना फडकं मारत."

भावाबहिणीत त्या वर्षी एवढंच बोलणं झालं होतं.

त्याच वर्षीचा ऑगस्ट. बारा तारीख, सोमवार. दुपारी काजितानी मंदिरात गेला. काम साधं होतं. ओबोनच्या गर्दीआधी यंत्राला तेल द्यायचं आणि एक नाव काढायचं. नाव उसुई. कुठल्याशा कारखान्याच्या वसतिगृहात वारलेला एकटा माणूस. सोबतच्यांनी तेरा वर्षांसाठी ठेवला आणि विसरले. त्याचं कार्ड एकदाही लागलं नव्हतं. मुदत संपली होती. सप्टेंबरमध्ये त्याची राख सगळ्या बेवारशांबरोबर एकाच समाधीत ओतायची होती. तोवर डबा मागच्या रांगेत राहील, पण कॉम्प्युटरमधून नाव आजच जायचं होतं.

"सणाच्या आधी पाटी कोरी बरी," महाराज म्हणाले. मंदिराचे महाराज म्हणजे ओबोनला स्कूटरवर बसून दिवसाला वीस घरी मंत्र म्हणणारा गृहस्थ. हेल्मेट घालूनच बोलत होते. "आणि काजितानी-सान, उद्या यंत्र अडलं तर गेल्या वर्षीसारखी कारणं नकोत. मला तुमच्याहून स्वस्तातली माणसं भेटतात."

"तुमच्या मंत्रांनी यंत्र चालत असतं तर तुम्ही मला बोलावलंच नसतं, महाराज."

स्कूटर गेली. काजितानीने उसुईचं नाव निवडलं, बटण दाबलं आणि स्वतःशीच म्हणाला, "उसुई-सान, रजा मंजूर."

नाव गेलं.

घरी येऊन त्याने दाराला पांढरा कंदील बांधला. दाराशी पाहुण्यांसाठी घरातल्या सपाता मांडल्या. बोटं आतल्या बाजूला, म्हणजे 'या' म्हणायची आपली रीत. कानाएची, तिच्या नवऱ्याची, दोन पोरांची. आणि पाचवी जोडी आईची. तपकिरी लोकरीची, तिनेच विणलेली, अंगठ्यापाशी लाल दोऱ्याने रफू केलेली. ती येणार म्हणजे तिला लागणारच.

रात्री नऊनंतर फोन आला. महाराज ओरडत होते.

"संध्याकाळी नऊ घरची माणसं दर्शनाला येऊन गेली. डबे परत गेले, पण कुठे गेले ते तुमच्या यंत्राला माहीत नाही! काय करून ठेवलंत?"

काजितानी सायकलवर टांग टाकून निघाला.

कॉम्प्युटर लिनक्स नावाच्या प्रणालीवर चालायचा. काळ्या पडद्यावर एकच ओळ पुन्हा पुन्हा येत होती : फाइल सिस्टिम फक्त वाचण्यासाठी.

"हे होतं," तात्सुकी म्हणाला. "डिस्कमध्ये गडबड वाटली की लिनक्स लिहिणं बंद करतो. आणखी नासू नये म्हणून मूळ डिस्कच रीड-ओन्ली. म्हणजे जुनं सगळं वाचून दाखवेल, नवं एक अक्षर लिहून घेणार नाही."

"आमचे मोठे साहेब असेच होते," काका म्हणाले.

"डिस्क मेली असणार. नवी टाकायची."

"नवी टाकली, बाळा. ते पुढे येईल."

काजितानीला धंदा येत होता. त्याने आधी सरळ हुकूम दिला : पुन्हा जोड, लिहिण्यासाठी. यंत्राने नाकारलं. मग पेन ड्राइव्ह लावून कॉम्प्युटर बाहेरून सुरू केला आणि डिस्क तपासायला घेतली. तपासणारा प्रोग्रॅम शंका आली की थांबतो आणि विचारतो : हे दुरुस्त करू का? होय की नाही? पहिले पाच-सहा प्रश्न त्याने नीट वाचले. मग एक आला. एक नोंद सापडली आहे, ती कोणाच्याही खाली नाही. जोडू का?

"पुसलेल्या फाइलचा तुकडा," तात्सुकी म्हणाला. "असे अनाथ तुकडे एका वेगळ्या फोल्डरात टाकतात. हरवले-सापडले."

"बरोबर. त्यालाही हे ठाऊक होतं. त्याने घड्याळ पाहिलं, आणि सांगून टाकलं की आता विचारू नकोस, सगळ्याला होय."

हारुना हातातलं फडकं तसंच धरून उभी राहिली. "न वाचता?"

"न वाचता."

प्रश्न सरसर वर सरकत गेले. प्रत्येकापुढे होय. होय. होय. मग डिस्क स्वच्छ असल्याचा निकाल आला. त्याने कॉम्प्युटर नीट सुरू केला. लिहून पाहिलं, लिहिलं गेलं. मग यंत्राला एकेक कप्पा फिरून डबे मोजायला लावलं. दीडच्या सुमारास ते संपलं. नऊच्या नऊ डबे सापडले. महाराजांना त्याने निरोप धाडला : 'तुमच्या मंत्रांची गरज पडली नाही.'

तिथेच त्याने घरी जायला हवं होतं.

पण सकाळी नऊची गोष्ट डोक्यात होती. इतर हजारभर डबे आले नसते तरी चाललं असतं, आईचा यायला हवा होता. एकदा बघून घेऊ म्हणून तो सहाव्या मजल्यावरच्या दर्शनाच्या खोलीत गेला आणि आईचं कार्ड लावलं.

काका थांबले. मुळ्याचा तुकडा त्यांनी जेवायच्या काठ्यांनी दोन केला, पण खाल्ला नाही.

"इथे एक सांगायचं राहिलं. गुजोच्या वाटेवर एका वळणाला शेवाळलेला दगड आहे. कोणाचा, कोणाला माहीत नाही. लहानपणी काजितानीने त्यापुढे हात जोडले, तेव्हा तोमिएबाईंनी फटका मारून ते खाली पाडले होते. म्हणाल्या, ज्याचं कोणी नाही त्याच्यापुढे हात जोडायचे नाहीत. त्याला वाटतं, आपलं माणूस न्यायला आलं."

"माझी आजीही म्हणायची," हारुना हळूच म्हणाली.

"सगळ्यांची म्हणायची. आणि सगळ्यांना दुसरीही एक सवय असते. दार सरकायच्या आधीच मान खाली जाते. डोळे मिटतात. हात जुळतात. पाटी वाचून मग नमस्कार, असं कोण करतं?"

भिंतीमागे साखळी फिरली. थांबली. दगडी दार सरकल्याचा आवाज झाला. काजितानी मान खाली घालून, डोळे मिटून उभा होता.

"आई, उशीर झाला," तो म्हणाला. "सकाळी कानाए येतेय. चल घरी. कंदील लावलाय. दाराशी सपाता काढून ठेवल्यात. ये."

डोळे उघडले.

पाटीवर नाव होतं. उसुई.

त्याने हात झटकून वेगळे केले. परत पाठवायचं बटण दाबलं. दार मिटेना. पुन्हा दाबलं. शेजारच्या छोट्या पडद्यावर एक ओळ आली.

फक्त वाचण्यासाठी.

तो यंत्राच्या खोलीत धावला. हुकूम दिला, नाकारला. पुन्हा दिला, पुन्हा नाकारला. मोठ्या आवाजात आईवरून एक शिवी हासडली आणि मग आपण कोणाला शिवी देतोय ते त्याच्या लक्षात आलं. त्याने मुख्य बटण खाली ओढलं. दिवे गेले. पंखे थांबले. पडदा विझला.

शांतता...

मग भिंतीमागे साखळी फिरू लागली.

वीज नव्हती. साखळी फिरत होती. सावकाश. एकेक कडी. आवाज लांबून आला... जवळ आला... तो उभा होता त्या भिंतीपर्यंत आला.

थांबला.

पलीकडच्या खोलीत दगडी दार मिटलं. हळू. पाहुण्याने दुसऱ्याच्या घरचं दार लावावं तसं.

मग लिफ्ट. सहा... पाच... चार...

तो हलला नाही.

तीन... दोन...

अगदी खाली, रस्त्याकडच्या काचेच्या दाराची घंटी वाजली. कोणी आलं की ती वाजते.

कोणी गेलं तरी वाजते.

...

"काका," तात्सुकी म्हणाला. त्याने दुकानाच्या दाराकडे पाहिलं.

"पहाटेपर्यंत तो तिथेच होता," काका म्हणाले. "घरी जायची हिंमत झाली नाही. वीज लावली, डिस्क दुरुस्त केली. कार्ड लावलं. उसुई. पुन्हा फक्त वाचण्यासाठी. कपाटातली नवी डिस्क टाकली. कार्ड लावलं. उसुई."

नऊला कानाए आली. काळे कपडे, हातात जपमाळ, मागे नवरा आणि दोन पोरं. भावाकडे पाहून म्हणाली, "रात्रभर झोपला नाहीस वाटतं. आईला शोधत होतास?"

तिने कार्ड लावलं. या वेळी तिने मान खाली घातली नाही. भावावर तिचा तेवढा विश्वास नव्हता, आणि तेच तिच्या कामी आलं. दार सरकलं. तिने पाटी वाचली.

"दादा, हे कोण?"

...

"दादा, मी विचारतेय. आई कुठे आहे?"

स्कूटर टाकून महाराज आले. फळ्यांची पोलादी खोली उघडायला लावली. किल्ली एकच, ती रात्रभर काजितानीच्या गळ्यात होती. चौघांनी मिळून प्रत्येक डबा हाताने तपासला. उसुईचा होता. बाकी सगळ्यांचे होते. तोमिएबाईंचा नव्हता.

कॉम्प्युटरच्या हिशेबाने तो जिथे असायला हवा, त्या कप्प्यात कानाएच्या नवऱ्याने बॅटरी मारली. मग तो दोन पावलं मागे सरला.

कप्प्यात सपाता होत्या. तपकिरी लोकरीच्या. अंगठ्यापाशी लाल दोरा. जोडी नीट लावून ठेवलेली, बोटं आतल्या बाजूला.

"या इथे कशा?" कानाएने विचारलं.

"मी... घरी ठेवल्या होत्या. दाराशी."

ती थेट त्याच्या घरी गेली. कंदील पेटलेला होता. दाराशी चार जोड्या रांगेत होत्या आणि पाचवीच्या जागी मोकळी फरशी. आतलं दार लावलेलं होतं. आत पंखा चालू होता. पोरांचे हात धरून ती बाहेरूनच वळली.

काजितानी आत गेला.

"पुढचं माझ्या खिडकीतलं," काका म्हणाले. "एकोणीस तारखेला बाईंचा अर्ज आला. आईच्या अस्थी गुजोला न्यायच्या. नियमाप्रमाणे दोन कागद लागतात. अस्थी आमच्याकडे आहेत, असा मंदिराचा दाखला. आणि ज्याच्या नावे कप्पा आहे त्याची संमती. महाराज म्हणाले, आहेत असं लिहिता येत नाही. नाहीत असं लिहिलं तर पोलीस येतील. ते अजून विचार करतायत. पुरावा म्हणून बाईंनी त्या सपाता अर्जाला जोडल्या. मी पोचपावती दिली : सपाता, एक जोड."

"आणि काजितानी?"

"ऑक्टोबरात त्याच्या सहीसाठी मी स्वतः गेलो."

भर दुपार होती. पांढरा कंदील अजून दाराला होता. ओबोन संपला की तो जाळतात. तो जाळला नव्हता आणि पेटलेला होता. काजितानीने दार वीतभर उघडलं. दाढी वाढलेली. आवाज अगदी खाली.

"मुकाई-सान, आत या म्हटलं असतं. पण पाहुणे आहेत."

"अजून?"

"मीच बोलावलंय ना." त्याने मागे वळून पाहिलं. "जा म्हणता येत नाही."

"तुमची सही हवी होती. आईंच्या..."

"आई रोज येते," तो म्हणाला. "इथवर. तुम्ही उभे आहात ना, तिथवर. तिच्या सपाता नाहीत. आत कशी येणार?... त्या तुमच्याकडे आहेत म्हणे. तेवढ्या आणून द्याल का?"

"मग?" हारुनाने काउंटरवर दोन्ही हात टेकले. "दिल्या ना तुम्ही?"

"अर्जाला जोडलेली वस्तू निकाल लागेपर्यंत परत देता येत नाही. मी त्याला तसं सांगितलं."

"काका!"

"तेव्हा आतून कोणीतरी खाकरलं. बस झालं बोलणं, अशा अर्थाने. दार लागलं."

मिसोची कढई मंद रटरटत होती.

"तुम्ही बनवून सांगताय," तात्सुकी म्हणाला. पण घोट घेतला तो रिकाम्या पेल्यातून.

"मी कारकून आहे. बनवून सांगायचं असतं तर निकाल लावून टाकला नसता का?" काकांनी टोपी उचलली. "मार्चमध्ये मी कुलूपबंद कपाटातली ती जोडी माझ्या जागी आलेल्या माणसाच्या ताब्यात दिली. गेल्या आठवड्यात तो रस्त्यात भेटला. नवा आहे, घाबरट आहे, खोटं बोलायला अजून शिकलेला नाही. म्हणाला, कपाट कोणी उघडत नाही, तरी कोणी रोज लांबून चालत येत असल्यासारखे सपातांचे तळवे झिजत चाललेत. उजव्याला भोक पडलंय."

मंदिराचा दाखला आलेला नाही. संमतीची सही झालेली नाही. अर्ज प्रलंबित आहे.